हाव, मामाजी

माझ्या माहेरी पाखरं पाहायची नसत, हाकलायची असत. काटोलकडे आमची संत्र्याची बाग होती आणि फळ धरू लागलं की आम्हा भावंडांच्या राखणीच्या पाळ्या लागत. हातात गोफण, कमरेला खड्यांची पिशवी आणि घसा बसेपर्यंत "हुर्या, हुर्या". माझा नेम चांगला होता, हे आता सांगायला लाज वाटते. पान हललं की पोपट कोणत्या फांदीवर आहे ते मला कळे. नजर तयार होती, पण ती पाखरांच्या जिवावर उठलेली होती.

त्यामुळे लग्न होऊन नागपुरात आल्यावर जेव्हा मला कळलं, की माझे सासरे दर रविवारी पहाटे उठून दोन कोस लांब पाखरं बघायला जातात, आणि बघतात म्हणजे नुसती बघतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "हास. मीही हासली होती. मंग सवय होते."

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. सर्व्हे ऑफिसात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. अख्खा तालुका एका कागदावर बसवायचा आणि त्यातला ओढासुद्धा चुकवायचा नाही, असलं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी तीच शिस्त पाखरांवर सोडली. काटोल रोडने गावाबाहेर पडलं की रस्त्यापासून आत एक तलाव होता. त्या तलावाभोवतीच्या पायवाटेचा त्यांनी स्वतः नकाशा काढला होता. त्यात तलावाचा बांध म्हणजे पाळ होती, बाभळीचं बन होतं, बेशरमची झुडपं होती, धोब्यांचा दगड होता आणि शेवटी चिखलाचं टोक. प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबायचं तेही ठरलेलं. बाभळीच्या बनात दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, मग तिथं मोर नाचो की काही न नाचो.

ते एकटेच जात. पण लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते एका रविवारी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून आणि कोपर खरचटून घरी आले. पाळीवरून पाय घसरला म्हणे. सासूबाईंनी हळद लावता लावता मला फर्मान सोडलं, "पुढच्या रविवारी तू जाजो त्याईच्या संगं." माझे यजमान हिंगण्याच्या कारखान्यात होते. सहा दिवस कंपनीच्या बसमागे धावून सातव्या दिवशी ते जे झोपत, त्यांना उठवण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. म्हणून सून निघाली, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंगावर नवऱ्याचा स्वेटर. शेजारणी खिडकीतून बघत होत्या.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? धोब्यांच्या दगडापाशी बदकांचा मोठा थवा उतरत होता. मामाजींनी श्वास रोखला, दुर्बीण उचलली, आणि माझ्या तोंडून जन्माच्या सवयीनं आरोळी गेली, "हुर्या!" सगळा तलाव उडाला. मामाजींनी दुर्बीण खाली घेतली आणि एवढंच म्हणाले, "आवाज चांगला हाय तुझा." त्यानंतर महिनाभर मी तलावावर खोकलेसुद्धा नाही.

पण मला गोडी लागली, आणि लवकर लागली. एक तर दोन तास घराबाहेर, डोक्यावर पदर नाही, हातात लाटणं नाही. शिवाय ज्यांना मी आजवर एका मापानं खडे मारले होते त्यांना नावं होती. शेपटी आपटत चालणारा तो धोबी. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच डोकं काढणारी ती टिबुकली. तांबड्या लांब काड्यांवर चालल्यासारखा शेकाट्या. कपाळाला पांढरा टिळा लावून फिरणारा चांदवा. थंडीत कुठल्या कुठल्या मुलखातून आलेली बदकं त्या साध्या तलावात येऊन माना पाठीत खुपसून झोपत, आणि मला वाटे, एवढ्या लांबून येऊन नागपुरात झोपायचं, हे आमच्या यजमानांसारखंच आहे.

पाळीवर आणखी चार-पाच माणसं भेटत. एक होमिओपॅथीचे डॉक्टर, बँकेतलं एक जोडपं, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक. फिरून झालं की सगळे पाळीवर बसत आणि थर्मासातला चहा पीत. या मंडळींत मामाजींचा मान मोठा, कारण नोंदवही त्यांची. जाड बांधणीची, आडव्या पानांची, आणि अक्षर मुंगीएवढं. तारीख, पक्षी, किती, कुठं, आणि शेवटच्या रकान्यात दोन सह्या.

दोन सह्या हा मामाजींचा कायदा. दोघांनी पाहिल्याशिवाय पाखरू वहीत चढायचं नाही. ते म्हणत, "जमीन मोजाची साखळी एकट्यानं धरता येत नाही. एका टोकाले एक, दुसऱ्या टोकाले एक, तवा माप खरं." यात कुणालाच सूट नव्हती. एकदा डॉक्टरांनी एकट्यानं कुठलासा गरुड पाहिला आणि मामाजींच्या नाकदुऱ्या काढल्या, तरी गरुड वहीबाहेरच राहिला. आता मी दर रविवारची सोबतीण, म्हणून शेवटच्या रकान्यात त्यांच्या सहीखाली माझी सही येऊ लागली. माझी सही त्याआधी फक्त लग्नाच्या नोंदीत आणि शाळेच्या दाखल्यावर झाली होती. मी ती फार जपून करत असे.

आणि इथंच माझ्या हातून घोळ झाला.

धुकं होतं त्या दिवशी. मामाजी म्हणाले, "ते पाह्य, तलवार बदक. शेपटी पाह्य कशी टोकदार. दिसलं काय?" मला धुकं दिसत होतं आणि धुक्यात एक ओंडका दिसत होता. पण सासरे विचारतायत. आमच्याकडे सासऱ्यांनी विचारलं की उत्तर एकच असे. चहात साखर कमी पडली काय? हाव, मामाजी. चहात साखर जास्त झाली काय? हाव, मामाजी. हे दोन्ही एकाच दिवशी म्हणणारी सून म्हणजे चांगल्या घरची. "नाही" हा शब्द मी माहेरी संत्र्याच्या आढीत ठेवून आले होते. म्हणून म्हटलं, "हाव, मामाजी." त्यांनी लिहिलं आणि मी सही केली.

एका ओंडक्यानं कुणाचं काय बिघडतं, असं मी मनाला समजावलं. मग पुढच्या आठवड्यात असंच एक. मग आणखी एक. हिवाळा संपेपर्यंत माझी जीभ त्या "हाव"ला इतकी सरावली, की ते दुर्बीण उचलायच्या आधीच तयार असे.

डोळ्यापुढच्या गोष्टी मात्र मला दिसत होत्या. दुर्बिणीची काच ते फार वेळा पुसू लागले होते. चहा ओतताना बशीचा अंदाज चुके. वहीतलं मुंगीएवढं अक्षर मुंगळ्याएवढं झालं होतं, मग त्याहून मोठं. मोतीबिंदू हा शब्द घरात कुणी काढत नसे, कारण मामाजींच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. कुणी विषय काढलाच तर मामाजी म्हणत, "माझे डोळे चांगले हायत. मागच्या रविवारी मी नऊ जाती पाहिल्या. विचारा सुनेले."

सून म्हणे, हाव.

दुसऱ्या हिवाळ्यात गोष्ट हाताबाहेर गेली. पण त्याआधी समुद्राचं सांगायला हवं. नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे दिवस-दीड दिवसाचा प्रवास. मामाजींनी तो आयुष्यात एकदाच पाहिला होता. ऐन तारुण्यात ते कुणाच्या तरी लग्नाला कोकणात गेले होते, आणि पंगत सोडून किनाऱ्यावर चालत सुटले होते. ओहोटी लागलेली, ओली वाळू, आणि त्या वाळूत काळा-पांढरा, लाल लांब चोचीचा एक पक्षी कालवं फोडून खात होता. कालवफोड्या. मामाजी त्याच्यामागं इतके लांब चालत गेले की परत आले तेव्हा वऱ्हाड निघून गेलं होतं. ही गोष्ट आम्ही चहाबरोबर वीस वेळा ऐकली होती. डॉक्टर दर वेळी विचारत, "अन् जेवण?" मामाजी म्हणत, "जेवण कायचं गा, तो पक्षी पाहून पोट भरलं." पाखरं पाहायचं वेड त्यांना त्या दिवसापासून लागलं.

तर, जानेवारीतली सकाळ. मंडळी बाभळीच्या बनात होती आणि आम्ही दोघं पुढं चिखलाच्या टोकाला. मामाजींनी एकदम माझं मनगट धरलं. सासऱ्यांनी सुनेचं मनगट धरावं अशी पद्धत नव्हती, म्हणून मी दचकलेच.  "काळा. पांढरा. चोच लाल," ते पुटपुटले. "कालवफोड्या हाय वं. इथं. आपल्या तलावावर."

मी पाहिलं. चिखलात टिटवी उभी होती.

टिटवी मला कुणी शिकवायला नको होती. आमच्या बागेच्या बांधावर ती अंडी घालायची, आणि आई सांगायची, टिटवीला खडा मारू नको, ती रात्री ओरडून सगळं घर जागं करील. पिवळे पाय, लाल चोच, तिचं काळं टोक. एरवी ही बया माणूस दिसला की गाव गोळा करते, पण त्या दिवशी मेली गप्प उभी होती.

"दिसला काय?" मामाजींनी विचारलं. चेहऱ्यावर असा आनंद, की पंगत चुकवलेला तो तरुण पोरगा मला त्या क्षणी दिसला.

"हाव, मामाजी," मी म्हणाले.

मी सही केली. तोवर मंडळी आली, टिटवी उडून गेली होती, आणि मामाजी सगळ्यांना हातवारे करून सांगत होते. बँकवाल्या बाई म्हणाल्या, "मंग नागपूरले समुद्र आला म्हणायचा!" प्राध्यापकांनी चिखल न्याहाळला, डोकं खाजवलं आणि मला विचारलं, "तुम्ही पाहिला?" आता माघार कुठली घेणार? मी मान हलवली. प्राध्यापक म्हणाले, "दोन सह्या आहेत, म्हणजे प्रश्नच नाही. साहेब, पुढच्या रविवारी सविस्तर वर्णन लिहून द्या. मी मुंबईच्या पक्षीवाल्यांकडे पाठवतो. त्यांच्या पत्रकात येऊ द्या."

 छापून आलं, की मुंबईची माणसं विचारणार, समुद्रापासून इतक्या लांब हा पक्षी कसा, शेजारी टिटव्या होत्या का. आणि ज्यांच्या शब्दावर डॉक्टरांचा गरुड वहीबाहेर राहिला, त्या माणसाचं हसं होणार. खरं बोलावं, तर त्यांचे डोळे गेले हे सुनेनं तोंडावर सांगायचं. आठवडाभर माझ्या पोळ्या करपल्या.

शेवटी शुक्रवारी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याईले दिसत नाही हे मले दोन सालापासून माहीत हाय. म्हणून तं तुले धाडलं. दवाखान्याचं नाव काढलं की ते म्हणते, सुनेले विचार. अन् तू हाव म्हणते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तुले त्याईच्या डोळ्यासाठी धाडलं वं. तोंडासाठी नाही."

मला इतका राग आला! त्यांचा नाही, माझाच. मी स्वतःला आज्ञाधारक समजत होते, आणि त्या माझ्या आज्ञाधारकपणानं माणूस आंधळा होत चालला होता.

शनिवारी मी मामाजींना म्हटलं, उद्या मंडळी येतील, आज आपण दोघंच जाऊन येऊ. ते आनंदानं निघाले. सिटी बसच्या शेवटच्या स्टॉपपासून तलावापर्यंत ते वर्णन कसं लिहायचं तेच सांगत होते. चिखलाच्या टोकाला पोचलो, आणि टिटवी जागेवर हजर. जणू तिलाही बोलावणं गेलं होतं.

"पाह्य, तोच!" मामाजी कुजबुजले. "गेला नाही अजून. दिसला काय?"

माझी जीभ "हाव"पर्यंत आली होती. ती मी दातांनी धरली.

"नाही, मामाजी."

त्यांना वाटलं, मी भलतीकडे बघतेय. "तिथं नाही, इकडं. बेशरमच्या डाव्या बाजूले."

"तिकडंच पाहून राहिली, मामाजी. ते टिटवी हाय."

आणि तेवढ्यात आमच्या बोलण्यानं ती उठली आणि डोक्यावरून घिरट्या घेत टिटिव-टिटिव-टिव करत तिनं सगळा तलाव डोक्यावर घेतला. मामाजींचे कान तीक्ष्ण होते. आवाज लांब जाईपर्यंत ते मान वर करून उभे राहिले. मग पाळीच्या दगडावर बसले.

"मागच्या रविवारी?"

"हीच होती."

"तुले माहीत होतं?"

"हाव." या वेळचं खरं होतं, आणि म्हणताना मला रडू फुटलं.

मला वाटलं होतं ते डोळ्यांबद्दल बोलतील. ते म्हणाले, "माझे डोळे चालले तं चालले. पण वही काहून नासवली?"

मग मात्र माझंही काटोलचं पाणी उसळलं. नाक पुसत म्हटलं, "तुम्ही सासरे. मी नाही कसं म्हणू? घरात कोणी म्हणून राहिलं काय तुमाले नाही?"

 "घरात सासरा," ते म्हणाले. "इथं मी साखळीचं एक टोक धरून हावो. दुसरं टोक तुझ्या हातात होतं, अन् तू ते सोडून देलं. मले समजलंच नाही."

घरी आल्यावर त्यांनी वही आणि लाल पेन्सिल काढली. "वाच. खोटे सांग." मी दोन हिवाळ्यांची पानं वाचत गेले आणि ते एकेका ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारत गेले. रेघेची जागा मीच बोटानं दाखवत होते. तलवार बदक, रेघ. पाणकावळा, रेघ. प्रत्येक रेघेगणिक मी आक्रसत होते. कालवफोड्याच्या ओळीपाशी त्यांची पट्टी थांबली. मग ती रेघ त्यांनी सगळ्यांत सावकाश मारली. त्याखालच्या चांदव्यापाशी आलो तेव्हा ते पेन्सिल उचलूनच बसले होते. मी म्हटलं, "नाही नाही, हा खराच होता. तुम्ही दाखवला अन् मी पाहिला." ते इतके खूश झाले, की सासूबाईंना हाक मारून सांगितलं, चांदवा खरा निघाला.

रविवारी मंडळींना त्यांनी स्वतःच सांगितलं. माझं नाव न घेता. "टिटवीले कालवफोड्या म्हटलं मी," ते म्हणाले, "म्हणजे आता दवाखान्यात गेलं पाहिजे." प्राध्यापकांनी सभ्यपणानं पायाखालची माती पाहिली. डॉक्टरांना मात्र राहवलं नाही. "मंग त्या कोकणातल्या लग्नात तरी कोण होता गा? तिथंही टिटवीच असंन!"  मग मामाजीच हसायला लागले, आणि थर्मासाचं झाकण हातातून पडेपर्यंत हसले. तेव्हापासून आमच्या मंडळींत टिटवीचं नाव कालवफोड्या पडलं ते कायमचं.

होळीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. कितीतरी दिवस पाठीवर पडून राहायचं, मान हलवायची नाही. मामाजींनी तेवढ्या दिवसांत वॉर्डाच्या खिडकीबाहेरचे आवाज ओळखायचा धंदा लावला, आणि मी शेजारी बसून "हाव" किंवा "नाही" म्हणत असे. "नाही" म्हणताना सुरुवातीला माझा आवाज बारीक होई. एकदा ते म्हणाले, कोकीळ. मी म्हटलं, नाही, बाहेर एक पोरगं शिट्टी वाजवून राहिलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "तुमची सून लई तोंडाळ दिसते." मामाजी पट्टीआडून म्हणाले, "लई मेहनतीनं केली तिले तशी."

पुढं जाड भिंगांचा चष्मा आला. पावसाळा सरल्यावर आम्ही पहिल्यांदा तलावावर गेलो. बदकं अजून यायची होती. पायवाट गवतानं भरली होती, आणि मामाजी पाय उचलून उचलून टाकत होते, कारण त्या चष्म्यातून जमीन जवळ दिसते म्हणे. बाभळीच्या बनात दहा मिनिटं, धोब्यांच्या दगडाशी दहा मिनिटं.  चिखलाच्या टोकाला त्यांनी दुर्बीण उचलली, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि मला दिली नाही.

"काही दिसलं काय वं?"

"हाव, मामाजी."

"काय?"

"टिटवी."

"कुठं?"

"बेशरमच्या डावीकडं. पाण्याले पाठ करून."

"चोच?"

"लाल. टोक काळं."

"पाय?"

"पिवळे."

त्यांनी पुन्हा एकदा दुर्बिणीतून पाहून घेतलं. मग पाळीवर बसले, वही गुडघ्यावर उघडली आणि लिहून ती माझ्यापुढं धरली. इतक्या वर्षांत टिटवीसारखं रोजचं पाखरू त्यांनी कधी वहीत घेतलं नव्हतं. मला ती ओळ वाचायला खाली वाकावं लागलं, कारण अक्षर पुन्हा मुंगीएवढं झालं होतं. टिटवी, एक, चिखलाचं टोक. खाली त्यांची सही होती. मी पेन्सिल घेतली आणि त्याखाली माझी केली.